कोरड्या लाकडाचा धर्मादाय

नुसतं दारात येऊन उभं राहिल्यानं आजारी माणसाला उठवून बसवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो वैद्य नव्हता. ते माझे चुलतसासरे. बायको त्यांना आबा म्हणायची म्हणून मीही आबाच म्हणायचो. गुंद गावात एखादा गडी हिवतापानं फणफणून घोंगडीखाली पडलेला असावा आणि आबांनी छत्री मिटत त्याच्या अंगणात पाऊल टाकावं, की तो घोंगडी बाजूला सारून उठायचा. "बरं वाटतंय सावकार, आत्ताच घाम सुटला बघा," असं म्हणायचा आणि बायको नको नको म्हणत असताना कोयता कमरेला अडकवून बाहेर पडायचा. आबा बिचारे त्याच्यासाठी कोयनेलच्या गोळ्या घेऊन आलेले असायचे. त्या ते त्याच्या बायकोच्या हातावर ठेवायचे, जाता जाता त्या गड्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एक नजर टाकायचे आणि सुस्कारा सोडायचे. सुस्कारा मायेचा होता याबद्दल मला शंका नाही. पण ती नजर मात्र उंचीचा अंदाज घेणारी होती, आणि गावाला ते ठाऊक होतं. कारण आबांच्या ताब्यात एक धर्मादाय होता आणि तो फक्त मेलेल्या माणसांसाठी होता.

माझ्या सासरचा व्यापार हिरड्याचा. सुपे पेट्यातल्या, म्हणजे तिथल्या छोट्या तालुक्यातल्या, जंगलातले कुणबी हिरडा वेचून, वाळवून आणायचे, आमच्या बैलगाड्या तो लोंढ्याच्या स्टेशनावर पोचवायच्या आणि तिथून तो कातडी कमावणाऱ्यांकडे मुंबईला जायचा. हा व्यापार उभा केला माझ्या आजेसासऱ्यांनी, म्हणजे आबांच्या वडिलांनी. एका वर्षी मागं राहिलेला माल उचलायला ते भर आषाढात जंगलात उतरले आणि गुंदजवळ तापानं त्यांना गाठलं. गाडीतच ते गेले. बरोबर आबा होते, नुकती मिसरूड फुटलेले, आणि दोघे गाडीवान. जंगलात लाकडाला काय तोटा, असं आपल्याला वाटतं. पण आषाढात त्या भागातलं लाकूड पाणी पिऊन फुगलेलं असतं. सरण पेटायचं, धुमसायचं आणि विझायचं. आबा सरणावर पानांचं इरलं धरून उभे राहिले. इरलं खालून जळायला लागलं, पण सरण काही जळेना. शेवटी जे उरलं ते काळी नदीला द्यावं लागलं. आबा ही गोष्ट कधी काढत नसत. माझ्या सासऱ्यांनी ती मला लग्नानंतर एकदाच सांगितली आणि सांगून झाल्यावर उठून दुकानाच्या मागच्या अंगाला निघून गेले.

पुढं व्यापार वाढला तेव्हा दोघा भावांनी वडिलांच्या नावानं धर्मादाय काढायचं ठरवलं. स्टेशनावर जाणाऱ्या दर गाडीमागं एक पाटी हिरडा धर्मादायाचा. बेळगावच्या वकिलांनी कागद करताना विचारलं की देऊळ बांधा, धर्मशाळा बांधा, विहीर खणा, हे मधेच काय काढलंत? आबा म्हणाले, "देवळाला कळस लागतोय. ह्याला नुसतं छप्पर लागतंय." झालं. सुपे पेट्यात पावसाळ्यात मरणाऱ्या कुणालाही, जात न विचारता, कोरडं लाकूड पुरवायचं, असा तो धर्मादाय. धाकट्या भावानं, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लोंढ्याला दुकान सांभाळायचं आणि आबांनी धर्मादाय. त्यासाठी आबांनी गाव निवडलं तेही गुंदच. लोक माणूस गेलेल्या जागेवरून लवकर पाय काढता घेतात. आबांनी तिथं बिऱ्हाड केलं.

गुंदमध्ये त्यांनी एक वखार बांधली. चिऱ्यांचा उंच चौथरा, चारही बाजूंनी वारा खेळेल अशा भिंती, वर मंगळुरी कौलं. पेट्यात कौलांचं छप्पर असलेल्या इमारती तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली एक मयताच्या लाकडांची. शेजारीच आबांचं स्वतःचं घर होतं. त्यावर गवत होतं आणि ते गळत होतं. वखारीत ऐन वेगळा, किंजळ वेगळी, जांभूळ वेगळं, असे थर लागलेले असत. जाड माणसाला कुठलं, लहान मुलाला कुठलं, म्हातारपणी सुकून गेलेल्याला कुठलं, हे सगळं त्यांच्या मनात पक्कं होतं. सुप्याच्या कचेरीत एक अगडबंब कारकून होते. त्यांच्यासाठी म्हणून दोन ओंडके मागच्या बाजूला राखून ठेवले होते. ते कारकून एकदा फिरतीवर आले असताना आबांनी मोठ्या आपुलकीनं त्यांना ते दाखवलेही. कारकून चहा न घेता निघून गेले आणि पुढं बदली करून घेतली म्हणे.

लाकूड कोरडं आहे की नाही हे आबा बोटाच्या पेरानं ठोकून ओळखायचे. हळूहळू ती सवय हाडात शिरली आणि ते दिसेल ते लाकूड ठोकायला लागले. दाराची चौकट, बैलाचं जू, देवळातला खांब, कुणाच्या घरी गेले तर बसायला दिलेला पाट. मी मुलगी बघायला लोंढ्याला गेलो तेव्हा हे गृहस्थ माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले आणि खुर्चीची पाठ टकटक वाजवून म्हणाले, "चांगलं मुरलंय." मला वाटलं माझ्याबद्दलच बोलताहेत. मी नम्रपणे मान खाली घातली. बायकोला पुढं आयुष्यभर मला चिडवायला तेवढं पुरलं.

पावसाळाभर ते लाकडांची उलथापालथ करीत. ज्या थराला काल वारा लागला नाही त्याला आज वर आणायचं, ज्याच्यावर बुरशीचा ठिपका दिसला त्याला पुसायचं, उन्हाची तिरीप पडली की चार ओंडके उचलून बाहेर आणायचे, ढग आला की आत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलावी तसं चालायचं. वाळवीशी त्यांचं हाडवैर होतं. साप मात्र चालत असे, तो लाकूड खात नाही म्हणून. एकदा जंगलखात्याचा नवा गार्ड आला आणि एवढा माल बघून चौकशी करायला लागला. पास आहे काय, माल जाणार कुठं? आबांनी शांतपणे पास काढून दाखवला. त्यात सगळं काही होतं, फक्त माल कुणाच्या नावावर जाणार ती जागा कोरी होती. गार्डानं बोट ठेवून विचारलं, तेव्हा आबा म्हणाले, "ते नाव अजून ठरलं नाही. तुमी किती वर्सं हायसा हितं?" गार्डानं पुन्हा कधी चौकशी केली नाही.

पण या सगळ्याची खरी झळ बसायची ती काकूंना, म्हणजे आबांच्या बायकोला. शेजारी पेटाभर पुरेल एवढं कोरडं लाकूड, आणि काकूंच्या चुलीत ओलं. वखारीतली काटकीसुद्धा चुलीला लागायची नाही, धर्माचं आहे, असा दंडक. आंघोळीचं पाणी तापायला निम्मी सकाळ जायची. काकू फुंकणीनं फुंकून फुंकून लाल झालेले डोळे पदरानं पुसत मला म्हणाल्या होत्या, "जावईबापू, आमच्या घरात कोरडं लाकूड मिळायचं तर मरावं लागतंय." आणि स्वतःच हसल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. हसायला तेवढं बरं होतं.

आता एवढा खटाटोप, एवढी वखार, एवढा पैसा. आणि त्या वखारीतलं एक लाकूड कुणी नेलं असेल तर शपथ. वर्षांमागून वर्षं गेली. गुंदमध्ये माणसं मरत होती, भर पावसात मरत होती, पण आबांच्या दारात लाकूड मागायला कुणी येत नव्हतं. आबा दर दसऱ्याला लोंढ्याला येत, दुकानात दोघे भाऊ धर्मादायाची बैठक भरवत, आणि आबा खाली मान घालून सांगत, "यंदाही कुणी नाही." सासरे म्हणत, "चांगलंच की मग." तेवढ्यावर बैठक उठे. एका दसऱ्याला मात्र सासरे बोलले. म्हणाले, ज्या धर्माचा कुणाला उपयोग नाही तो धर्म कसला? स्टेशनावर उतारूंना बसायला निवारा नाही, तो बांधू, वखार मोडू. आबांनी दुकानाची फळी ठोकून बघितली आणि म्हणाले, "येता पावसाळा जाऊ दे." पावसाळा लागल्यावर सासऱ्यांनी मला गुंदला धाडलं. काय ते डोळ्यानं बघून या, लोक का नेत नाहीत ते विचारा, आणि थोरल्यांना समजावून सांगा. मोठ्या भावाला स्वतः समजावण्याचा धीर त्यांना नव्हता. अशी कामं जावयाकडे येतात.

गुंदचा गावकार, म्हणजे गावचा पुढारी, सोमा म्हणून होता, आबांच्याच वयाचा. मी त्याला बोलावून घेतलं. आबांच्या ओसरीवर आम्ही तिघं बसलो. बाहेर संततधार लागली होती. मी विचारलं, तुमच्याकडे कुणी गेलं की इथलं लाकूड का नेत नाही? सोमानं बराच वेळ पान चघळलं. मग आबांकडे न बघता म्हणाला, "सावकार, रागावू नगासा. आमच्यात मेलेल्याला घरटी एक लाकूड जातंय. हर घरचा गडी आपलं लाकूड आपल्या खांद्यावर आणतोय. ते काय जाळायसाठीच आणत्यात असं न्हाई. ह्यो आमचा हुता, असं सांगायचं असतंय. तुमच्या वखारीतनं सगळं सरण उचलून आणलं तर त्याचं कोण हाय म्हणायचं? बेवारशी म्हणतील की त्याला."

"पण पावसात पेटत नाही," आबा म्हणाले.

"पेटतंय की. हर घरात चुलीच्या वर माळ्यावर एक ओंडका धुराला लावून ठेवलेला असतोय. तेवढ्याचसाठी."

आबांनी ओसरीचा खांब ठोकायला बोट उचललं होतं, ते तसंच राहिलं. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी पण होता?"

कुठल्या दिवशी, ते सोमानं विचारलं नाही. तोही तेव्हा पोरसवदा होता, बापाबरोबर इरलं घेऊन सरणापाशी येऊन उभा राहिलेला. खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो म्हणाला, "हुता. हर घरात हुता. माझ्या बानं माळ्याकडं बघितलं, मी बी बघितलं. पर तुमचा बा आमच्या गावचा न्हवता. कुणाच्या घरानं काढायचा?"

आबा उठले आणि वखारीत गेले. दुपारभर ओंडके वरखाली केल्याचा आवाज येत होता. ज्या माणसानं बापाला जाळायला कोरडं लाकूड नव्हतं म्हणून जन्म कोरडं लाकूड साठवण्यात घालवला, त्याला त्या दिवशी कळलं की लाकूड होतं. सगळ्या घरांतून होतं. मी मनात म्हटलं, आता समजावून सांगायचं काही उरलं नाही, उद्या हे आपण होऊनच म्हणतील की वखार मोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा छत्री घेऊन सोमाच्या दारात. मीही मागोमाग. सोमाच्या घरात कुणी आजारी नव्हतं तरी आतून गडबडीचा आवाज आला. आबा अंगणातच उभे राहिले आणि म्हणाले, "गावकार, हितं माझी चूल किती वर्सं पेटत्या?"

"धूरच लई निघतोय," सोमा म्हणाला. "पर व्हय, पेटत्या खरी."

"मग माझं घर घरटीत धरायचं का न्हाई?"

सोमानं बायकोकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, मग म्हणाला, "धरू या की. तुमचं बी एक चालंल."

"एकच?"

"घरटी एक, सावकार."

आणि आबा खूश झाले. एवढी मोठी वखार, त्यातून जाणार एका मयतामागं एक ओंडका, आणि हे गृहस्थ परत येताना चिखलात दोनदा घसरले तरी हसतच उठले. महिन्याभरानं देवळाशेजारची एक म्हातारी गेली. मी तेव्हा तिथंच होतो. आबांनी ओंडका निवडायला इतका वेळ लावला की ताटी निघायची वेळ झाली. शेवटी जांभळाचा एक उचलला, खांद्यावर घेतला आणि सगळ्या गावकऱ्यांच्या रांगेत चिखल तुडवत गेले. परत आले तेव्हा चेहऱ्यावरचा आनंद काही केल्या लपेना. काकू म्हणाल्या, "मयताला गेला हुतासा का बारशाला? तोंड तरी बारीक करा." आबांनी तोंड बारीक करून पाहिलं, पण जमलं नाही. लोंढ्याला परत गेल्यावर सासऱ्यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, यंदा एक लाकूड गेलं. सासरे खोकला येईपर्यंत हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "राहू दे मग. असू दे तिथं."

त्यानंतरच्या वर्षी तापानं जो मुक्काम ठोकला तो उठेचना. त्या भागात ताप काही नवा नव्हता, पण पूर्वी तो घरात एकाला धरायचा आणि दुसऱ्याला त्याचं करायला ठेवायचा. आता घरंच्या घरं आडवी झाली. माळ्यावरचा ओंडका एका मयताला पुरतो. पाठोपाठ दुसरं मयत, तिसरं मयत, तर घरानं लाकूड आणायचं कुठलं? जंगलात जाऊन तोडून आणायला अंगात बळ नाही, आणलंच तर ते ओलं. आणि लाकूड न देता घरात बसायचं म्हणजे मेलेल्याला परका म्हणण्यासारखं. माणसं तापापेक्षा त्या लाजेनं खचली. आबा कोयनेल घेऊन दारोदार फिरत होते. आता ते दारात येऊन उभे राहिले तरी कुणी उठून बसत नव्हतं.

मी लोंढ्याहून औषधं घेऊन गेलो होतो तेव्हा एका संध्याकाळी, दिवेलागणीला, आबांना पाहिलं. खांद्यावर ओंडका, ओंडक्यावर इरलं, आणि स्वतः पावसात. ओंडका त्यांनी पुतू म्हणून एका गड्याच्या घराच्या वळचणीखाली, पाणी लागणार नाही अशा बेतानं, भिंतीला टेकवून ठेवला. हाक मारली नाही, दार वाजवलं नाही. परत वखारीत, परत एक ओंडका, पुढचं घर. त्या दिवशी दुपारी गावात एक पोर गेलं होतं. सकाळी पुतू काठी टेकत बाहेर आला, वळचणीखालचा ओंडका उचलला आणि आपल्या घरचं लाकूड म्हणून घेऊन गेला. सगळी घरं आपापलं लाकूड घेऊन आली. आबाही आपलं एक घेऊन गेले. ही लाकडं कुठून आली, हे गावात कुणी कुणाला विचारलं नाही. आबांनीही कधी बोलून दाखवलं नाही. मी काकूंना विचारलं तेव्हा त्या चूल फुंकत म्हणाल्या, "त्येनी कुठं काय केलंय? ज्या त्या घरचं लाकूड त्या त्या घरात हाय." दोन पावसाळे असे गेले. वखारीतले थर खाली आले, आबा उन्हाळ्यात पुन्हा भरायचे. सोमाचा एकुलता एक मुलगा त्यातच गेला. त्याच्याही मयताला गावानं घरटी एक लाकूड दिलं, आणि ते सगळं ऐनाचं होतं, निवडून काढलेलं. सोमानं ते ओळखलं असणार.

ताप माणसं नेऊन थांबला नाही, त्यानं गाव नेलं. उरले ते एक एक करून हल्याळकडे, खानापूरकडे, पाहुण्यांच्या आसऱ्याला निघून गेले. घरांना कड्या लागल्या, अंगणात रान माजलं. शेवटी सोमा, त्याची बायको, आणि आबा नि काकू. सासऱ्यांनी निरोपावर निरोप धाडले की लोंढ्याला या, आता तिथं काय आहे? आबांचं उत्तर एकच, "वखार कुणावर टाकू?"

मग एका श्रावणात काकूंचा निरोप आला. मी पोचलो तेव्हा आबा गळक्या घरात, जिथं गळत नाही अशा कोपऱ्यात, खाटेवर होते. मला बघून त्यांनी उठून बसायचा प्रयत्न केला. मीच आता दारात आलो होतो ना. मग त्यांनी खाटेचा खूर ठोकला, "ओल धरलीय," म्हणाले, आणि थोड्या वेळानं विचारलं, "जावईबापू, गावात घरं किती हायत आता?"

मी म्हटलं, "सोमाचं आणि तुमचं."

"म्हंजे मला एकच लाकूड. आमचं मी कसं नेणार?" ते हसले. मग हसू गेलं. "एकानं पेटत नाही हो पावसात."

वखार तर भरलेली होती. कौलापर्यंत भरलेली होती. मी तसं म्हणायला गेलो, पण त्यांच्याकडे बघितल्यावर म्हणवेना. लाकूड मिळणार नाही ही भीती त्यांना आता राहिलीच नव्हती. लाकूड होतं, घरं नव्हती. बापाच्या वेळी काय झालं ते सोमानं सांगितल्यापासून ते या एका गोष्टीला भीत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

सोमाला सांगायला जावं लागलं नाही. तो आला तेव्हा त्याच्या खांद्यावर ओंडका होता, धुरानं काळा कुळकुळीत झालेला, माळ्यावरचा. तो त्यानं आधी जमिनीवर आडवा ठेवला. मग म्हणाला, "वखारीची किल्ली द्या." मला वाटलं, आता व्हायचं ते झालं, सगळं सरण वखारीतूनच येणार. सोमा आत गेला. एक ओंडका घेऊन आला, खाली ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, "हे पुतूच्या घरचं." परत गेला. "हे देवळाशेजारच्या म्हातारीच्या घरचं." परत गेला. "हे वरल्या आळीच्या जानूचं. हे त्याच्या भावाचं, वायलं ऱ्हात हुता त्यो." एका वेळी एकच ओंडका. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाला, "घरटी एक जातंय, जावईबापू. दोन न्हाई उचलायचं." म्हातारा माणूस, पावसात, वखारीतून सरणापर्यंत आणि सरणापासून वखारीपर्यंत. कडी लागलेलं एकही घर त्यानं सोडलं नाही. जी घरं पडली होती तीही नाही. ज्या घरातली सगळीच्या सगळी माणसं गेली होती त्या घराचं लाकूड ठेवताना तो जरा थांबायचा, जसं काही कुणी मागून येत होतं. शेवटी आपल्या मुलाच्या नावानं एक ठेवलं. मुलगा लग्नानंतर वेगळं घर बांधणार होता, म्हणाला, म्हणून ते धरलं.

मग माझ्याकडे वळला. "तुमचं कुठल्या घरचं म्हणू?"

मी मूळचा खानापूरचा, लग्नानंतर सासरच्या दुकानात लोंढ्याला. गुंदमध्ये माझी चूल नव्हती, काही नव्हतं. मी म्हटलं, "हितलंच म्हण." सोमानं मान हलवली. मी वखारीतून माझं एक आणलं.

पाऊस थांबला नव्हता, पण सरण पहिल्या काडीला पेटलं. सोमा ज्वाळांकडे बघत म्हणाला, "सावकारानी लाकूड बरं वाळवलं हुतं." काकू वखारीच्या चौथऱ्यावर उभ्या होत्या. बायका सरणाच्या इतक्या जवळ येत नाहीत, पण त्यांना कोण अडवणार, आणि अडवायला होतं कोण? धूर सरळ वर जात होता. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मिळालं एकदाचं आमच्या घराला कोरडं लाकूड." या खेपेला त्या हसल्या नाहीत.

काकूंना मी लोंढ्याला घेऊन आलो. आमच्या चुलीत कोरडं लाकूड असायचं, तरी त्या सवयीनं फुंकत राहायच्या. त्याही आता नाहीत, सासरेही नाहीत. दर गाडीमागं एक पाटी हिरडा अजून बाजूला निघतो आणि उन्हाळ्यात मी गुंदला जाऊन वखारीची कौलं चाळून येतो. सोमा अजून तिथं आहे, एकटाच. बायकोही त्याची गेली. आमच्या माळ्यावर, चुलीच्या वर, मी ऐनाचा एक ओंडका धुराला लावून ठेवला आहे. दिवाळीच्या साफसफाईत बायको त्याच्यावरची काजळी झटकते आणि परत होता तिथं ठेवते. पावसाळ्यात सुप्याकडून कुणी गाडीवान आला की त्याला पाणी द्यायच्या आधी मी विचारतो, "सोमा गावकाराची तब्येत कशी आहे?" गाडीवान सांगतो की बरी आहे, आणि मी सुस्कारा सोडतो. बायको म्हणते, अगदी आबांसारखा.